खजुरीचा दोर

आमच्या अमिताचं लग्न ज्या वैशाखात झालं, त्या वर्षापासून ही गोष्ट सुरू होते. म्हणजे दोन हजार बावीस. अमिता माझी भाची, केरूची थोरली मुलगी. तिच्या लग्नाला बाप नव्हता, भाऊ नव्हता आणि मामाही नव्हता. आम्ही तिघे सौदीत, यान्बूपासून आत, डोंगराच्या पायथ्याशी एका कंपनीच्या खजुरीच्या बागेत कामाला होतो. घड बांधायचे दिवस होते. त्या दिवसांत रजा मागायची नाही, हे पहिल्या वर्षीच कळलं होतं.

केरूने लेकीच्या अक्षता झाडावरून पाहिल्या. मागे दोराला टेकून, दोन्ही हातांत मोबाइल धरून. खाली उतरला तेव्हा त्याने मला विचारलं, "अंतरपाट धरलेला तो लंबूटांग कोण?"

"जावयाचा मामा."

"आणि माझ्या पोरीचा मामा इथे घड बांधतोय," तो म्हणाला, आणि कोयता कमरेला खोचून पुढच्या झाडाकडे गेला.

केरू माझा मेहुणा. माझी धाकटी बहीण ठकूबाई त्याला दिलेली. गाव गुहागरच्या खाली, खाडीच्या तोंडाशी. तिथे केरूचा बाप माडावर चढायचा, त्याचाही बाप चढायचा. केरूचा मुलगा चंदन तिशीचा. तो बागेत पंप आणि ट्रॅक्टर बघायचा आणि काढणीला झाडावर जायचा. तिघांना मिळून एक पत्र्याची खोली होती. वयाने मी थोरला, म्हणून खिडकीखालची खाट माझी.

खजुरीचं झाड माडासारखं गुळगुळीत नसतं. कापलेल्या झावळ्यांचे खुंट राहतात, पाय ठेवायला जागा मिळते. पण वर गेल्यावर दोन्ही हात कामाला लागतात, म्हणून कमरेमागून दोर घेऊन तो झाडाला वेढायचा आणि मागे रेलून उभं राहायचं. एक झटका देऊन दोर वर सरकवायचा, दोन पावलं चढायचं, पुन्हा रेलायचं. सगळा जीव त्या दोरावर.

केरू आपला दोर स्वतः वळायचा. झावळीच्या बुडाशी तागाच्या पोत्यासारखी तपकिरी जाळी असते, तिचा तो काथ्या काढायचा. भिजवून, बडवून, पिंजून मांडीवर वळायचा. वळून वळून त्याच्या उजव्या मांडीवर केस राहिले नव्हते. कमरेला टेकतो तो भाग हातभर रुंद विणायचा, पाटीच्या बुडासारखा. दोर तयार झाला की बागेच्या निचऱ्याच्या खाऱ्या पाण्यात बुडवून, वर दगड ठेवून, रात्रभर ठेवायचा. आमच्याकडे नव्या दोराला खाडीचं पाणी दाखवल्याशिवाय कोणी त्याच्यावर भार टाकत नाही. खाऱ्या पाण्याने काथ्या चिवट होतो. खजुरीचा काथ्याही झाला.

त्याचा दोर बघून बागेतले पाकिस्तानी, बंगाली त्याच्याकडून दोर वळून घ्यायचे. बदल्यात कोणी अंडी द्यायचा, कोणी त्याची दाढी करून द्यायचा.

थंडीत छाटणी सुरू झाली तेव्हा मुदीरने, म्हणजे बागेच्या मॅनेजरने, सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. मुदीर पन्नाशीचा, हळू बोलणारा माणूस. तो अरबीत बोलला आणि हाशिरने हिंदीत सांगितलं. हाशिर श्रीवर्धनकडचा कोकणी मुसलमान, वयाने चंदनएवढाच. बागेतलं कंपनीचं दुकान तो चालवायचा.

कंपनीने यान्बूला दोरी-चटयांचा कारखाना काढला होता. आजपासून झाडाचं जे निघेल, झावळी, खुंट, काथ्या, ते सगळं गठ्ठे बांधून कारखान्यात जाणार. एक मूठही कोणी ठेवायची नाही. आणि हाताने वळलेला दोर यापुढे चालणार नाही. दुकानात पट्टे आले आहेत, ते घ्यायचे. पैसे पगारातून.

"का म्हणून?" केरूने विचारलं.

हाशिरने मुदीरला विचारलं नाही, स्वतःच उत्तर दिलं. "सेफ्टी, काका."

"माझ्या दोरावरून कोण पडला?"

"कोणी पडायच्या आधीच तर सेफ्टी करतात."

त्याच दुपारी शेडमागच्या खड्ड्यात जुने दोर जमा करायला लावले. केरूचा दोर दोन हंगाम वापरलेला होता, घामाने काळा झालेला, कमरेच्या जागी चामड्यासारखा मऊ. त्याने तो गुंडाळून आणला.

"मी गाडीला बांधायला ठेवला तर?" तो म्हणाला. "वर नाय जात त्याच्यावर."

"मुदीर बघतोय, काका. टाका ना."

केरूने दोर फेकला नाही. खड्ड्यात दोन पावलं उतरून ठेवला आणि वर आला. मग त्यांनी डिझेल ओतलं.

दुसऱ्या दिवशी काथ्याचे गठ्ठे कादिरभाईंच्या ट्रकमध्ये भरले. कादिरभाई दाभोळचे. तीस वर्षं इकडे. बायको मेहनाज आणि मुलं आधी जेद्दाच्या शराफिया मोहल्ल्यात होती, मग घरच्यांच्या परवान्याची फी वाढली तेव्हा त्यांना परत पाठवलं आणि हे यान्बूच्या कॅम्पात आले. माणूस वाचणारा. ट्रकच्या डॅशबोर्डवर कायम एखादं पुस्तक उलटं ठेवलेलं असायचं.

"कुठे जाणार हे?" केरूने विचारलं.

"कारखान्यात. तिथे ह्याची दोरी होईल. मग हाशिरच्या दुकानात येईल."

"म्हणजे इथेच."

"इथेच. मीच आणणार. जातानाही खेप, येतानाही खेप. तुझ्या काथ्याने फिरून यायचं म्हटलं तर मी कशाला नको म्हणू?"

चंदन वर गठ्ठे रचत होता. तो म्हणाला, "ह्यांना स्वतःला वळता येत नाय, म्हणून आपलं बंद करायचं?"

"येत नाही म्हणून नाही रे बाबा. तू वळलास तर त्यांची कोण घेईल?" कादिरभाईंनी टायरवर पाय ठेवून पाणी प्यालं. "हे काय नवीन आहे? इंग्रजांनी हेच केलं. आपल्याकडचा कापूस हवा तेवढा बोटीत भरा. पण आपलं विणलेलं कापड विलायतेत गेलं तर त्याच्यावर भरमसाट जकात, आणि त्यांचं इकडे आलं तर नावापुरती. आमच्या घराण्यात गलबतं बांधायचे, ठाऊक आहे? साग आपला, सुतार आपले. सगळ्या कायद्यांचं झुकतं माप त्यांच्या बोटींना. माझा आजा शेवटी त्यांच्याच बोटीवर कोळसा ओढायला गेला."

"माझ्या आजीचं मीठ," मी म्हटलं. "खाडीच्या कडेला उन्हाने जमलेलं मीठ खरवडून आणायची. शिपायाने मडकं लाथेने उलटं केलं आणि मिठात पायाने चिखल कालवला. सरकारचं मीठ विकत घे म्हणाला. खाडी आमच्या परड्यात होती."

"तेच. कच्चं द्यायचं, पक्कं घ्यायचं, आणि मधलं काम आपल्या हाताला शिवू द्यायचं नाही. त्यालाच वसाहत म्हणतात. साम्राज्यं अशी चालतात, मोहनभाऊ. तोफ कधीमधी लागते. रोज लागते ती जकात."

"पण ते राज्य होतं," मी म्हटलं. "ही नुसती कंपनी."

"तीही आधी कंपनीच होती."

केरू गठ्ठ्याची गाठ आवळत होता. "तुम्ही दोघं इंग्रजांचं बघा," तो म्हणाला. "मला उद्या वर जायचंय. कशाला टेकू, ते सांगा."

संध्याकाळी आम्ही दुकानात गेलो. पट्टे खुंटीला लटकवले होते, निळे. चार बोटं रुंद, बाहेरून रबर आणि कॅनव्हास, टोकांना लोखंडी कड्या. केरूने एक काढून घेतला, ताणला, नाकाला लावला.

"आत काय आहे?"

"तार," हाशिर म्हणाला. "स्टीलची. हत्ती लटकला तरी तुटणार नाही."

"हत्ती येतो काय खजूर काढायला? उसव जरा. बघू."

"उसवता येत नाही, काका. सीलबंद आहे."

"मग तुला तरी कसं ठाऊक आत तार आहे?"

हाशिर हसला. "मलाही सांगितलंय तसंच. घ्या, काका. नाही घेतला तर उद्या हजेरी लागणार नाही."

आम्ही तीन पट्टे घेतले. बाहेर येताना केरू दाराशी थांबला. तिथे कारखान्याच्या नव्या दोरीची वेटोळी ठेवली होती. त्याने एक पदर बोटांत धरून उलगडला. धागे आखूड होते, यंत्राने तोडलेले. त्याने तो पदर पुन्हा होता तसा वळून ठेवला आणि हात धोतराला पुसावा तसा पॅंटला पुसला.

पट्टे घरी आणल्यावर केरूने पिंपात निचऱ्याचं पाणी भरलं.

"बाबा, त्याला कशाला पाणी?" चंदन म्हणाला. "रबर आहे ते."

"नवा आहे ना?"

"नवा आहे."

"मग? माझा बापूस नव्या दोराला पाणी दाखवल्याशिवाय वर गेला नाय."

"आज्याच्या दोरात तार होती काय?"

"तू पण तुझा टाक. दादा, तुमचा द्या."

मी दिला. चंदननेही हसत दिला. तिन्ही पट्टे बुडवून वर दगड ठेवला. सकाळी बाहेर काढले तेव्हा ते होते तसेच होते. काथ्या पाणी पिऊन फुगतो, जड होतो, वाळला की आवळून येतो. ह्या पट्ट्यांवर पाणी नुसतं घरंगळलं. केरूला ते बरं वाटलं नाही. पाणी मुरलं नाही, असं त्याने ठरवलं. पुढे दर अमावास्येला तो आपला पट्टा पिंपात टाकायचा. चंदनने आणि मी पुन्हा टाकला नाही. आम्हाला कंटाळा आला.

माघ-फाल्गुनात नराचा फुलोरा मादीच्या फुलोऱ्यात बांधायचं काम असतं. एका झाडावर पुन्हा पुन्हा जावं लागतं. वर धुळीसारखी पूड उडते, डोळे लाल होतात, खुंटांचे काटे हातात मोडतात. पट्ट्याची कडी केरूच्या माकडहाडाच्या वर घासायची. तिथे आधी कातडी सोलली, मग पाणी धरलं, मग घट्टा पडला. रात्री तो पालथा निजायचा आणि चंदन त्याला खोबरेल लावायचा.

"दोर बोलतो," केरू उशीत तोंड घालून म्हणायचा. "पदर सुटायला लागला की करकरतो. हाताला कुसळ लागतं. हा काय सांगतच नाय. मुका आहे."

"मुका आहे ते बरं," चंदन म्हणायचा. "तुम्ही तेवढे बोलता."

चैत्रात एकदा मी दुपारच्या सुट्टीत खोलीवर आलो तर केरू खाटेवर बसून मांडीवर काथ्या वळत होता. उशी उसवली होती. छाटणीपासून तो रोज थोडा थोडा काथ्या खिशातून आणून उशीत भरत होता. पाच-सहा हात दोर झाला होता.

"हे दिसलं तर?" मी विचारलं.

"उशी कोण बघतो?"

"आणि वर नेशील कसा?"

"पट्टा वरून घालीन, दोर आतून. दिसायला पट्टा. टेकायला दोर." तो वर न बघता बोलत होता. त्याच्या बोटांना काम मिळालं होतं, चेहरा उतरलेला नव्हता. बऱ्याच दिवसांनी मी त्याला तसा बघितला.

उशी बघितली गेली. कोणी सांगितलं ते ठाऊक नाही. हाशिर आणि मुदीरचा ड्रायव्हर आले, त्यांनी खाटा उलटल्या. हाशिरने दोर हातात घेतला तेव्हा त्यालाही कसंतरी झालं असावं. तो केरूकडे न बघता म्हणाला, "काका, मी काय करू? माझाही इकामा ह्यांच्याच हातात आहे." इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना.

"तू काय करणार," केरू म्हणाला. "नीट धर. शेवट बांधलेला नाय, उसवेल."

दुसऱ्या दिवशी हजेरीच्या वेळी मुदीरने केरूला पुढे बोलावलं. ओरडला नाही. कंपनीचा माल कंपनीला परत करा, एवढंच म्हणाला. केरूने सगळ्यांसमोर ती उशी आणि तो अर्धा दोर नेऊन गठ्ठ्यांच्या काट्यावर ठेवला. काटा जेमतेम हलला. मागून कोणीतरी हसलं. बंगाली होता की आपल्यातला, मी वळून पाहिलं नाही.

त्यानंतर त्याने दोराचं नाव काढलं नाही. झाडावर चढायच्या आधी एक गोष्ट करायला लागला. पहिल्या खुंटावर उभं राहून, जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर, पट्ट्यावर मागे जोराने रेलून बघायचा. दोन-तीनदा. मग चढायचा. मुकादम "यल्ला, यल्ला" करून घाई करायचा.

जूनपासून ऊन असं झालं की खुंटाला हात लावला तरी भाजायचं. दुपारी काम बंद ठेवायचा सरकारी नियम होता, तो पाळायचे. पण त्याची भरपाई म्हणून पहाटे अंधारात सुरुवात व्हायची. जुलै सरता सरता काढणी लागली. कोयत्याने घड कापायचा, आकडीला लावायचा, दोरीने खाली सोडायचा. खाली ताडपत्री धरायला दोघे. घड पंधरा-वीस किलोचे असतात. तेव्हा दोन्ही हात लागतात.

त्या दिवशी केरू पाण्याच्या टाकीजवळच्या जुन्या झाडावर होता. बागेतलं सगळ्यात उंच झाड ते. खाली ताडपत्रीला चंदन आणि मी. त्याने खाली रेलून बघण्याची आपली रीत केली आणि वर गेला. पहिला घड सोडला, दुसरा सोडला. तिसरा कापून छातीशी धरला होता.

आवाज फार नव्हता. सुकी काडी मोडावी तसा. केरू घडासकट आला, पाठीवर, ताडपत्रीच्या बाहेर. खजूर आमच्या तोंडावर उडाले. गांधीलमाश्या घोंघावत खाली आल्या.

त्याचे डोळे उघडे होते. चंदन त्याच्या डोक्याशी बसून नुसता "बाबा, बाबा" करत होता. केरूने मला विचारलं, "दादा, माझे पाय सरळ हायत काय?"

मी बघितलं. सरळ होते.

"सरळ हायत," मी म्हटलं.

"मग असूंदे," तो म्हणाला.

अ‍ॅम्ब्युलन्सची वाट बघितली नाही. कादिरभाईंचा ट्रक काथ्याचे गठ्ठे भरून उभा होता, त्यावर त्याला ताडपत्रीसकट निजवलं आणि यान्बूच्या इस्पितळात नेलं. पाठीचा कणा मोडला होता. कमरेखाली काही कळत नव्हतं. डॉक्टर केरळचे होते, त्यांनी हिंदीत समजावून सांगितलं. हा माणूस पुन्हा उभा राहणार नाही. फुप्फुसाला मार आहे, आताच काही सांगता येत नाही. आणि कंपनीकडून कामावरच्या अपघाताचा कागद आणा. तो आला तर सगळा इलाज इथेच होईल, पगारही चालू राहील.

मी बागेत परत आलो तेव्हा पट्टा झाडाखालीच पडला होता. तुटला होता तिथून रबराच्या नळीत बघितलं. तार होती, हाशिर खोटं बोलला नव्हता. पण कडीजवळ तारेची तपकिरी पूड झाली होती. नळी उलटी केली तर हातावर पडली. माझा पट्टा मी तिथेच सुरीने फाडला. त्यातही कडीजवळ डाग होता, पण तार धड होती.

मला त्या वेळी कळलं. मी चंदनला बोललो नाही. तो बापाजवळ होता, आणि कोणत्या तोंडाने सांगायचं ते मला सुचलं नाही.

रात्री चंदन खोलीवर परत आल्यावर ठकूबाईला फोन लावला. ती रडली नाही, एकामागून एक विचारत राहिली. कुठल्या झाडावरून, किती उंच, खाली माती होती की दगड. मग म्हणाली, "पट्टा कसला? त्यांचा दोर कुठे गेला?"

"कंपनीने दोर बंद केले, बाय."

"आणि पट्टा नवा होता?"

"ह्या वर्षीचाच."

"मग त्याला पाणी दाखवलं नव्हतात?"

"दाखवलं होतं," चंदनच माझ्या हातातून फोन घेऊन म्हणाला. "बाबा दर अवसेला दाखवायचे."

"मग साहेबाला हे सांग," ती म्हणाली. "तुझ्या बापसाने वस्तू कशी ठेवली होती ते सांग. हयगय आपली नाय म्हणावं. ह्याच्यापरीस जास्त माणसाने काय करायचं असतं?"

"सांगतो, आये."

मी तेव्हा चंदनला बाजूला घेऊन बोलायला हवं होतं, असं कोणी म्हणेल. मी बोललो. पिंपाजवळ नेऊन म्हटलं, "पाण्याचं काढू नको. तारेला गंज चढला होता." तो म्हणाला, "मामा, म्हणजे बाबांची चूक?" मी म्हटलं, "तसं नाय. पण काढू नको." तो म्हणाला, "माझ्या बापसाने जन्मभर जे केलं ते लपवायचं काय? चोरी केली त्यांनी?" आणि आत जाऊन निजला.

चौकशी मुदीरच्या ऑफिसात झाली. एसी चालू होता. आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा दिला. यान्बूहून कंपनीचा एक माणूस आला होता, लॅपटॉप उघडून बसलेला. तुटका पट्टा टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवला होता. हाशिर मधे उभा.

मुदीरने केरूची विचारपूस केली. त्याला खरोखर वाईट वाटत होतं असं मला आजही वाटतं. मग त्याने विचारलं, पट्टा कसा वापरायचे, कुठे ठेवायचे.

"नीट ठेवायचे," चंदन म्हणाला. "उन्हात टाकला नाही कधी. आणि दर महिन्याला खाऱ्या पाण्यात रात्रभर ठेवायचे."

हाशिर थांबला. त्याने मराठीत, हळू विचारलं, "हे सांगू का, चंदन?"

मी चंदनचा हात दाबला. त्याने हात सोडवून घेतला.

"सांग की. तेच तर सांगायचंय. आमच्याकडे नवा दोर खाऱ्या पाण्यात ठेवल्याशिवाय वापरत नाहीत. आम्ही हयगय केली नाही."

हाशिर अजूनही मुदीरकडे वळला नव्हता. लॅपटॉपवाल्याने वर बघितलं. तो हैदराबादचा निघाला. चंदनच्या बोलण्यातलं 'खारं पाणी' त्याला कळलं होतं. त्याने हिंदीत विचारलं, "खारा पानी? कितनी बार?"

"हर महीना," चंदन म्हणाला.

त्यानेच मुदीरला अरबीत सांगितलं. मुदीरने चष्मा काढला, पट्टा उचलला, नळीत बघितलं. मग चंदनला जवळ बोलावून आपल्या फोनवर काहीतरी दाखवलं. पट्टा कसा ठेवावा त्याची चित्रं होती. पाण्याच्या थेंबावर लाल फुली होती. मुदीर समजावून सांगावं तसं बोलत होता, शाळेतल्या मास्तरासारखं. हाशिर सांगत होता, "म्हणतायत, लोखंड आहे. लोखंडाला पाणी चालत नाही. एवढं तर सगळ्यांना माहीत असतं."

"आमचा दोर असता तर चाललं असतं," चंदन म्हणाला.

ते हाशिरने सांगितलं की नाही, मला कळलं नाही. मुदीरने हात झटकले. खलास.

कागद आला. त्यात लिहिलं होतं की कामगाराने कंपनीचं सुरक्षा साहित्य स्वतःच्या हाताने खराब केलं. त्या कागदावर इस्पितळात पुढचं काही झालं नाही. केरूला मोठ्या वॉर्डात हलवलं. ऑपरेशन करायचं की नाही, कोणी करायचं, ह्यावर रोज नवा माणूस बोलायचा. घरी पाठवायला निजवून न्यायची विमानाची जागा लागते. ती कंपनी देणार नाही म्हणाली. कादिरभाई शराफियात जाऊन कोकणातल्या लोकांच्या दुकानांतून फिरले, माणसांनी दिलं तेवढं आणलं. विमानवाल्याने डॉक्टरचं पत्र मागितलं. डॉक्टर म्हणाले, छाती भरली आहे, हवेत नेता येणार नाही.

बागेत काढणी थांबली नव्हती. सगळ्यांना नवे पट्टे दिले आणि पाण्यापासून लांब ठेवा म्हणून अंगठे घेतले. केरूची झाडं चंदनला दिली. त्याने नाही म्हटलं असतं तर त्याचाही इकामा गेला असता आणि बापाजवळ कोणीच राहिलं नसतं. तो पहाटे वर जायचा, संध्याकाळी कादिरभाईंबरोबर यान्बूला जायचा. बापाशी झाडांबद्दल बोलायचा. कुठल्या झाडाला किती घड राहिले ते सांगायचा. पट्ट्याबद्दल त्याने बापाला काही सांगितलं नाही आणि मला कधी विचारलं नाही.

एकदा मी एकटाच जवळ होतो तेव्हा केरू म्हणाला, "दादा, तार होती ना आत?"

"होती."

"पोर खरं बोलला होता मग," तो म्हणाला. हाशिरबद्दल बोलत होता. थोड्या वेळाने म्हणाला, "गंजली?"

मी त्याच्या पायांवरची चादर सारखी केली. त्याने माझ्याकडे बघितलं, मग छताकडे. त्याचा हात चादरीवर होता. अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत होता, काथ्या पिंजताना करायचा तसा. नर्स आली आणि तिने हात उचलून सुई नीट केली.

नारळी पौर्णिमेला ठकूबाईने व्हिडिओ कॉल केला. किनाऱ्यावरची माणसं दाखवली. केरूला ताप होता, त्याने बघितलं की नाही सांगता येत नाही. "नारळ कोणाच्या माडाचा?" एवढं त्याने विचारलं. ती म्हणाली, "आपल्याच. शेजारच्या पोराने काढून दिला."

दुसऱ्या दिवशी चंदन आणि मी झाडांवर होतो. कादिरभाई गठ्ठे उतरवून इस्पितळात गेले होते. तेच त्याच्याजवळ होते.

केरू बाबल्या पिलणकर, वय त्रेपन्न, गुरुवार दिनांक एकतीस ऑगस्ट दोन हजार तेवीस रोजी दुपारी यान्बूच्या इस्पितळात वारला.